आवाज छान आहे म्हणतात, पण वाचता येतं का? रेडिओ आणि व्हॉइसओव्हरमधे येणाऱ्यांसाठी

दर आठवड्याला कुणीतरी मेसेज करतंच, "ताई, सगळे म्हणतात माझा आवाज खूप छान आहे, मला रेडिओत नाहीतर डबिंगमधे यायचंय, काय करू?" सोबत एक कविता म्हटलेली असते, मागे बासरी. आवाज बहुतेक वेळा खरंच छान असतो बरं का. मी उलट एकच सांगते, आजचा पेपर घ्या, न वाचलेली एक बातमी उघडा, मनातसुद्धा न वाचता थेट मोठ्यानं वाचून रेकॉर्ड करा आणि कापाकापी न करता तीच फाइल मला पाठवा. बरेचजण परत येतच नाहीत.

मी आकाशवाणीच्या एका जिल्ह्याच्या केंद्रावर कॅज्युअल अनाउन्सर, म्हणजे हंगामी निवेदक, म्हणून सुरुवात केली, तेव्हा स्पूल टेप फिरायच्या, ब्लेडनं टेप कापून चिकटपट्टीनं जोडायची. मग मुंबईत जाहिराती, डबिंग, आणि आता घरातल्या कपाटात बसून ऑडिओबुकं. एवढ्या वर्षांत एक गोष्ट बदललेली पाहिली नाही. स्टुडिओचे पैसे तासावर, इंजिनिअरचे पैसे तासावर, आणि ज्याला कमी रीटेक लागतात त्याला परत फोन येतो. मधाळ आवाजाच्या माणसाला एकदा बोलवतात, बिनचूक वाचणाऱ्याला वर्षानुवर्षं. म्हणून खाली जे लिहितेय त्यात वाचनावरच जास्त जागा जाणार आहे, कंटाळा आला तरी तेच करायचं.

पायरी १: रोज वीस मिनिटं मोठ्यानं

पेपर, लाइट बिलामागचा मजकूर, औषधाच्या खोक्यावरच्या सूचना, काहीही. अट एकच, आधी नजर टाकायची नाही. डोळे तोंडाच्या पुढे तीन-चार शब्द धावायला शिकतात, हेच खरं कसब आहे आणि ते कुठल्याही कोर्समधे दोन दिवसांत येत नाही, दोन-तीन महिने लागतात. रेकॉर्ड करून ऐका. पहिल्या आठवड्यात स्वतःचा आवाज ऐकवत नाही, सगळ्यांचं होतं, पुढे चला.

मग उच्चार. मराठीत लिहिताना च एकच आहे पण बोलताना दोन. "चार" म्हणा आणि "पाच" म्हणा, जीभ कुठे लागते बघा. "माझा" आणि "माझी" मधला झ सुद्धा वेगळा. हे घरात मराठी बोलणाऱ्याला आपोआप येतं, पण हल्ली इंग्लिश मीडियममधली पोरं स्क्रिप्ट हातात आली की अक्षर बघून वाचतात आणि पाचचा च हिंदीतल्यासारखा होतो, तोच मुलगा बाहेर चहा पिताना बरोब्बर बोलत असतो! म्हणून शंका आली की कागद बाजूला ठेवून ते वाक्य कुणाला तरी सांगतोय असं बोला, उच्चार जागेवर येतो. "ज्ञान" मधे मराठीत द्न्य येतो, ग्य नाही. आणि "संशय" मधे सरळ न् टाकायचा नसतो, अनुस्वार नाकात जरा व कडे झुकतो, जुन्या वृत्तनिवेदकांचं ऐका, कानाला कळेल.

आता एक उलटं सांगते. गावची बोली घालवू नका. प्रमाण उच्चार हवेतच, बातमीला आणि बँकेच्या जाहिरातीला तेच लागतात, पण वऱ्हाडी, मालवणी, कोल्हापुरी, अहिराणी घरची असेल तर ती जपून ठेवा. खोटी मालवणी करणारे ढीगभर मिळतात, खरी बोलणारा शोधावा लागतो, आणि मग त्यालाच बोलवतात.

आकडे. नवे लोक इथेच सगळ्यात जास्त आपटतात. १२५ म्हणजे सव्वाशे, १७५ म्हणजे पावणेदोनशे, २५० अडीचशे, १,५०० दीड हजार, १०.७५ लाख म्हणजे पावणेअकरा लाख. स्क्रिप्टमधे आकडा दिसला की वर पेन्सिलीनं अक्षरात लिहा, कितीही सोपा असला तरी. मी हे कसं शिकले ते सांगते. केंद्रावर बाजारभाव वाचायचे होते, पानावर आडव्या ओळी, एकीकडे शेतमाल एकीकडे भाव, मी एक ओळ चुकले आणि कांद्याला लसणाचा भाव देऊन मोकळी झाले. पुढचं गाणं लावलं तोवर ड्यूटी रूमचा फोन वाजला, पलीकडे एक शेतकरी काका, अजिबात चिडलेले नाहीत, शांतपणे म्हणाले, "बाई, तो भाव खरा आसंल तर मी टेम्पो भराया घेतो, नुसतं हो म्हणा." काय बोलणार. गाणं संपल्यावर माफी मागून भाव परत वाचले. त्या दिवसापासून तक्ता वाचताना पट्टी ठेवते ओळीखाली, शाळेतली सहा इंची, अजून बॅगेत असते.

पायरी २: स्क्रिप्टवर खुणा, आणि कागद

एक तिरकी रेघ म्हणजे छोटा थांबा, दोन म्हणजे श्वास. ज्या शब्दावर जोर त्याच्याखाली रेघ, पण एका वाक्यात एकच, सगळ्या शब्दांवर जोर दिला तर कशावरच दिला नाही. नावं आणि गावांची नावं आधी विचारून घ्या, विचारायला लाजू नका, चुकीचं नाव प्रसारित झालं की त्या माणसाचं अख्खं गाव लक्षात ठेवतं.

कागद पाठपोट छापलेला नको, स्टेपल नको. पान उलटायचं नाही, सरकवायचं. बांगड्या, घड्याळ, किल्ल्या बाहेर काढून ठेवा. विंडचीटर आणि खळखळीत कडक साडी माइकला ऐकू येते, मऊ सुती घाला. मोबाइल नुसता सायलेंट नाही, एअरप्लेन मोडवर. आणि रिकाम्या पोटी जाऊ नका, पोट गुरगुरलेलं चांगल्या माइकमधे स्वच्छ येतं (माझं आलंय, एका दागिन्यांच्या जाहिरातीत). एक केळं खाऊन जा.

पायरी ३: माइकशी ओळख

तोंडापासून वीतभर अंतर. हात तोंडासमोर धरा आणि "फक्त भाऊ" म्हणा, तळव्याला हवेचा फटका बसेल, तोच माइकला बसतो आणि धप्प आवाज येतो. आपल्याकडे फ, भ, ध, ठ अशी हवेची अक्षरं भरपूर, त्यामुळे माइक अगदी तोंडासमोर न ठेवता जरा कडेला तिरपा ठेवायचा, पॉप फिल्टर, म्हणजे हवेचा फटका अडवणारी जाळी, लावायचा. सगळं वाक्य संपेपर्यंत डोकं हलवायचं नाही, हात मात्र हलवा, खुशाल हलवा, हात बांधून बसलेला माणूस आवाजातही बांधलेला वाटतो.

बोलायचं एकाशी. समोर हजार माणसं आहेत असं धरलं की आवाज भाषणाचा होतो. रेडिओ ऐकणारा एकटाच असतो, पोळ्या लाटतोय नाहीतर गाडी चालवतोय. आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावरच्या "पुन्हा प्रपंच" या जुन्या कार्यक्रमाची आठवण घरात कुणा जुन्या माणसाला विचारा, बाळ कुडतरकरांचे टेकाडे भावजी, नीलम प्रभूंच्या मीनावहिनी आणि प्रभाकर जोशींचे पंत. तीन माणसं घरात बसून गप्पा मारताहेत असंच वाटायचं, आणि प्रत्यक्षात हातात कागद असायचा. कागद वाचताना कागद ऐकू येऊ न देणं, एवढंच करायचंय आपल्याला.

पायरी ४: आत कुठून शिरायचं

आकाशवाणीची केंद्रं हंगामी निवेदकांसाठी अधूनमधून जाहिरात काढतात, बहुतेक जवळपास राहणाऱ्यांना घेतात. लेखी परीक्षा, मग आवाजाची ऑडिशन, मग "वाणी" नावाचं प्रशिक्षण. आधीच सांगते, ही नोकरी नाही, महिन्याला साधारण सहा ड्यूट्यांपर्यंत काम मिळतं, यावर घर चालत नाही. पण शिकायला याच्याइतकी चांगली जागा मी पाहिली नाही. क्यूशीट (कुठला कार्यक्रम किती वाजता, याचा तक्ता) बघून सेकंदावर कार्यक्रम सोडायचा, लॉगबुक भरायचं, आधीचा कार्यक्रम चाळीस सेकंद आधी संपला तर काय बोलायचं ते उभ्या उभ्या ठरवायचं. पहाटेच्या पहिल्या सभेला फेडरवर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या कळीवर, बोट ठेवून आकाशवाणीची ती संकेतधून ऐकत बसायचं, वॉल्टर कॉफमन या संगीतकारानं १९३० च्या दशकात शिवरंजनीत बांधलेली, आणि ती संपली की मिनिटाच्या आत आपला आवाज जाणार असतो. इतक्या वर्षांनंतरही ती कुठे कानावर पडली की माझा उजवा हात उचलला जातो.

वयानं लहान असाल तर "युववाणी" आहे. नाटकाची आवड असेल तर श्रुतिकांची, म्हणजे रेडिओवरच्या नाटकांची, ऑडिशन वेगळी असते, तिथे बी, बी हाय, ए आणि टॉप अशा श्रेण्या आहेत.

कम्युनिटी रेडिओकडे, म्हणजे संस्था-विद्यापीठांच्या छोट्या स्थानिक केंद्रांकडे, लोक बघतच नाहीत, चूक करतात. पुणे विद्यापीठाची "विद्यावाणी" १०७.४ वर, माणदेशात म्हसवडला "माणदेशी तरंग" ९०.४ वर. अशा ठिकाणी पैसे नसतातच जवळपास, पण पहिल्या महिन्यात मुलाखत घ्यायला, एडिट करायला आणि लाइव्ह बोलायला देतात. मोठ्या खाजगी एफएममधे हे वर्षभरात मिळणार नाही. खाजगी एफएमचं काम वेगळंच, तिथे स्वतःच्या बातम्या करायला परवानगी नाही, त्यामुळे आरजेला शहर, ट्रॅफिक, सिनेमा, श्रोत्यांचे फोन यावरच दोन गाण्यांच्या मधल्या मिनिटभरात काहीतरी सांगून मोकळं व्हायचं असतं. तिथली ऑडिशन देताना मिनिटाची लिंक, म्हणजे दोन गाण्यांमधलं बोलणं, पन्नास सेकंदांत संपवून दाखवा, हुशारी दाखवायच्या नादात सव्वा मिनिट घेतलं की गेलं.

पायरी ५: घरचा स्टुडिओ, म्हणजे कपाट

महागडा माइक आधी घेऊ नका. आधी खोली. कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट, त्याच्यासमोर तोंड करून बसा, मागे दोरीवर दोन जाड गोधड्या. आजीच्या हातच्या गोधडीसारखं आवाज पिणारं दुसरं काही नाही, मी पैसे देऊन पॅनल बसवले होते ते काढून टाकले. भिंतीला फोम चिकटवला की बाहेरचा हॉर्न थांबतो हा गैरसमज, फोमनं फक्त खोलीतला घुमारा कमी होतो. पंखा बंद, फ्रिज बंद (फ्रिज परत चालू करायला विसराल म्हणून गाडीची किल्ली फ्रिजमधे ठेवा, हसू नका, करून बघा). शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या, सकाळचे कावळे यांचं टाइमटेबल पाठ होतं हळूहळू. गणपतीचे दहा दिवस तर मी क्लायंटला आधीच सांगते, रात्री बारानंतर.

रेकॉर्डिंग वेव्ह फाइलमधे, व्हिडिओसाठी ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. काहीच न बोलता अर्धा मिनिट खोलीची शांतता रेकॉर्ड करा, ती साधारण उणे ६० डेसिबलच्या खाली असली पाहिजे. एडिटिंगला ऑडॅसिटी फुकट आहे आणि पुरेशी आहे. नॉइज रिडक्शन जास्त मारू नका, आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो, इंजिनिअरला एका सेकंदात कळतं आणि त्याला ते काढता येत नाही.

पायरी ६: डेमो

डेमो म्हणजे काम मागताना पाठवायचा आवाजाचा नमुना. दीड मिनिटाच्या वर नाही. पहिल्या दहा सेकंदांत तुमचं सगळ्यात चांगलं काम, कारण पुढचं बहुतेक ऐकत नाहीत. एक साधं बोलणं, एक माहितीपट, एक जाहिरात, एक पात्र. मागे म्युझिक नको किंवा अगदी हलकं. आणि कृपा करून अमीन सायानींची नक्कल पाठवू नका. १९५२ ला रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला सुरू झाली तेव्हा तसं कुणीच बोलत नव्हतं, म्हणून ते अमीन सायानी झाले. नक्कल पार्टीत करा.

फाइलला नाव, भाषा आणि महिना असं नाव द्या. "फायनल फायनल २" नावाचे डेमो मी स्वतः उघडत नाही.

पायरी ७: डबिंग

मुंबईत अंधेरी, वर्सोवा पट्ट्यात डबिंग स्टुडिओंची दाटी आहे. मराठीत हल्ली दाक्षिणात्य सिनेमे, कार्टून, ओटीटीच्या मालिका यामुळे काम वाढलंय. काम असं चालतं: अंधारी खोली, समोर स्क्रीन, कानात मूळ आवाज ज्याला पायलट म्हणतात, आणि सीनचा एकेक तुकडा, म्हणजे लूप, परत परत दाखवतात. काचेपलीकडे डबिंग डायरेक्टर आणि इंजिनिअर, टॉकबॅकवर बोलतात.

नवा माणूस डोळे स्क्रिप्टवर ठेवतो आणि लिपसिंक, म्हणजे ओठांशी जुळणारा आवाज, चुकतो. लूप दोनदा दिसतो तेवढ्यात ओळ पाठ करायची आणि डोळे पात्राच्या तोंडावर. सगळ्यात आधी बघायचे ते बंद ओठ. प, फ, ब, भ, म बोलताना ओठ मिटतात किंवा मिटल्यासारखे दिसतात, बाकी अक्षरात फार कळत नाही. समजा मूळ पात्र "स्टॉप" म्हणतंय, शेवटी ओठ मिटलेत. स्क्रिप्टमधे "थांबा" लिहिलंय, मराठी बरोबर, पण आ ला तोंड उघडं आणि पडद्यावर बंद. "थांब" म्हणा, जमलं. आता ते पात्र सासऱ्यांशी बोलत असेल तर "थांब" म्हणून चालणार नाही, मग दुसरं काहीतरी ओठ मिटणारं शोधायचं, किंवा डायरेक्टरला विचारून ओळ फिरवायची. अशा जागा दर पाच मिनिटांनी येतात आणि त्या पटकन सुचवणारा आर्टिस्ट डायरेक्टरला फार आवडतो, फक्त हळू सुचवा, लेखक कधीकधी शेजारीच बसलेला असतो.

श्वास, हुंकार, धापा, रडणं याला रिॲक्शन म्हणतात, ते सोडू नका, त्याशिवाय पात्र पुतळ्यासारखं वाटतं. किंचाळणं आणि मारामारीचे सीन शेवटी ठेवायला सांगा, आधी केले तर उरलेला दिवस घसा बसलेला. सुरुवातीला गर्दीच्या आवाजाचं काम मिळेल, पाच-सहा जण एका माइकभोवती बाजार, लग्न, मोर्चा करतात. कमीपणा वाटून घेऊ नका, मी दोन वर्षं भाजीवाली आणि "अगं बाई" म्हणणारी शेजारीण एवढंच केलं, पण त्या दोन वर्षांत इंजिनिअर ओळखायला लागले.

ऑडिओबुकांचं गणित निराळं आहे. स्टोरीटेल हे ऑडिओबुकांचं ॲप २०१७ ला भारतात आल्यावर मराठीत हे काम खरं वाढलं. पैसे बहुधा तयार तासावर मिळतात, म्हणजे पुस्तक ऐकायला आठ तासांचं असेल तर आठ तासांचे, तुम्ही बसलात कितीही. नवशिक्याला एका तयार तासाला तीन-चार तास सहज लागतात. परत तेच, वाचन. पुस्तक आधी पूर्ण वाचा, नाहीतर पान दोनशेवर लेखक सांगतो की काकांचा आवाज घोगरा आहे आणि तुम्ही काकांना बारीक आवाज देऊन बसलेले असता.

पायरी ८: पैसे आणि कागदपत्रं

मला एकदा एका ठिकाणी "नुसता स्क्रॅच ट्रॅक हवाय, फायनल दुसऱ्या आवाजात होणार" म्हणून बोलवलं, चहा-बिस्किट दिलं, आणि दोन महिन्यांनी मी एसटी स्टँडवर उभी असताना टपरीवरच्या टीव्हीवर माझाच आवाज तेल विकत होता. एक पैसा नाही मिळाला, कारण लेखी काहीच नव्हतं. तर, माइकसमोर बसायच्या आधी एक मेल, चार ओळींचा चालेल: काय वाचणार, कुठे वापरणार, किती काळ, किती पैसे, कधी देणार. एकाच जाहिरातीचा रेडिओसाठी दर वेगळा, टीव्हीसाठी वेगळा, इंटरनेटसाठी वेगळा असू शकतो, आणि "कायमस्वरूपी सर्व माध्यमांत" असं लिहिलं असेल तर त्याचे पैसे जास्त मागायचे. पहिल्यांदा मागताना जीभ जड होते. मागा. दुरुस्त्या किती फुकट तेही लिहा, नाहीतर सातव्यांदा "जरा अजून एनर्जी" येतं.

बिल द्या, नंबर टाकून. टीडीएस बहुधा १० टक्के कापतात, तो तुमच्या पॅनवर जमा झाला का ते वर्षातून दोनदा ऑनलाइन बघा, रिटर्न भरलात तर हिशोबात वळता होतो.

आता एआय. करारात "आवाजाचं मॉडेल तयार करण्यासाठी", "सिंथेटिक" किंवा "भविष्यातील कोणत्याही तंत्रज्ञानासाठी" असे शब्द दिसले की थांबा आणि ते वाक्य काढायला सांगा. २०२४ मधे मुंबई हायकोर्टानं अरिजित सिंगच्या आवाजाची एआयनं नक्कल करणाऱ्यांना मनाई केली, पण तो अरिजित सिंग आहे, तुम्हीआम्ही कोर्टात जाणार नाही, म्हणून सही करण्याआधीच वाचायचं. "दोन हजार सुटी वाक्यं वाचा, गोष्ट नाही, जाहिरात नाही" असं काम आलं तर ते कशासाठी आहे हे सरळ विचारा. घ्यायचं असेल तर डोळे उघडे ठेवून, आणि दर त्या हिशोबानं.

घसा

थोडक्यात. साधं पाणी दिवसभर थोडं थोडं, रेकॉर्डिंगच्या आधी दहा मिनिटं ढसाढसा पिऊन उपयोग नाही. खाकरून घसा साफ करू नका, आवंढा गिळा. तोंडात चिकट टकटक येत असेल तर आंबट सफरचंदाची फोड. दूध, पेढे नंतर. आवाज बसला तर गप्प बसा, कुजबुजूही नका, कुजबुजण्यानं घशाला उलट जास्त ताण पडतो. दोन-तीन आठवड्यांत घोगरेपणा गेला नाही तर हळद-दूध बास, कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जाऊन दुर्बिणीनं स्वरयंत्र बघून घ्या. मी एकदा लग्नसराईत सहा आठवडे तसंच रेटलं आणि मग डॉक्टरांनी पूर्ण महिनाभर मौन सांगितलं, घरी पाटी-खडू घेऊन फिरत होते, आमच्या ह्यांनी तो महिना फार आनंदात काढला.

आणि हो, मला फाइल पाठवणार असाल तर पेपरातली बातमीच पाठवा. बासरी नको.